एकट्याची कंपनी, सतरा सह्या

एकट्याची कंपनी काढतोय असं मी गावात म्हणालो, आणि पहिला प्रश्न आला, "भांडण कुणाशी झालं?"

चूक माझीच. पोलादपूर तालुक्यात कशेडीच्या अंगाला आमचं गाव आहे. तिकडे 'एकट्याने' या शब्दाचा अर्थ एकच होतो, भावकी फुटली. आमच्याकडे लावणी एकट्याने होत नाही, शिमग्याची पालखी एकट्याने उचलत नाही, आणि एके काळी पहाटे टमरेल घेऊन निघालेला माणूससुद्धा रानात पोचेपर्यंत तिघांचा झालेला असे. उमरठ आमच्याच तालुक्यातलं. तानाजी मालुसऱ्यांचं नाव घेऊन आम्ही पोरांना शूर व्हायला सांगतो, पण कोंढाण्यावर तेही एकटे गेले नव्हते. धाकटा भाऊ सूर्याजी आणि म्हातारे शेलारमामा बरोबर होते. गड घ्यायला भाऊ न् मामा लागतो, आणि हा निघाला नाचणीच्या लाडवांची कंपनी एकट्याने काढायला!

लाडू बायको करते, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लेख छापून आल्यावर घरात वेगळा लेख होईल. नाचणी आमच्या वरकस जमिनीतली, थोडी शेजाऱ्यांची. मुंबईतली नोकरी सुटल्यावर मी गावी आलो तेव्हा घरात दोनच गोष्टी मुबलक होत्या, नाचणी आणि सल्ले. सल्ले कुणी विकत घेईना. लाडू मात्र महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांनी घेतले, महाडच्या दोन दुकानांनी ठेवले, आणि चाकरमान्यांनी भांडुपपर्यंत नेले. धंदा वाढतोय असं वाटायला लागलं की माणसाला दोन इच्छा होतात, व्हिजिटिंग कार्ड छापायची आणि कर्ज काढायची. मला दोन्ही एकाच आठवड्यात झाल्या.

पण कंपनीच का, याचं कारण मात्र गमतीचं नाही. माझी सासुरवाडी महाडची, बाजारपेठेतली. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपुरावरून महाडला येते, म्हणून वर पाऊस किती झाला यावर खाली बाजारपेठेने झोपायचं की नाही हे ठरतं. 22 जुलै 2021 ला ती झोपली नाही. महाडमध्ये पूर कुणी फुटात सांगत नाही. माणूस भिंतीपाशी उभा राहून हात दाखवतो. त्या वर्षी हात वर करून भागेना, लोक जिन्याच्या पायऱ्या मोजून दाखवत होते. पाणी उतरल्यावर रस्त्यावर डाळ, साखर, कापड आणि चिखल यांचा एकच ढीग. माल वाहून गेला, पण मालासाठी काढलेलं कर्ज मात्र चांगलं कोरडं राहिलं होतं. आमच्या सासऱ्यांच्या शेजारचे दुकानदार त्या चिखलात उभे राहून म्हणाले, "नदीला काय, तिची सही कुठंय कागदावर?" तेव्हाच माझ्या डोक्यात 'मर्यादित जबाबदारी' हे दोन शब्द बसले ते बसलेच.

महाडला सीए साहेबांचं ऑफिस जिना चढून आहे. जिना चढूनच असतं. महाडमध्ये दुसऱ्यांची कागदपत्रं ज्याच्या ताब्यात असतात तो तळमजल्यावर बसत नाही. साहेब माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण चष्म्याच्या वरून बघायची विद्या त्यांनी लवकर हस्तगत केलेली.

"प्रोप्रायटर राहा," ते म्हणाले. "उद्यम नोंदणी फुकट आहे, मोबाइलवर होते. बोर्ड लावा, लाडू विका."

"आणि तोटा झाला तर?"

"तर तुमचा."

"कंपनी काढली तर?"

"तर कंपनीचा."

"आणि कंपनी कुणाची?"

"तुमची."

दोघेही थोडा वेळ पंख्याकडे बघत बसलो. यातला कावा मला कळायला दोन महिने लागले, आणि इंग्लंडच्या न्यायाधीशांनाही काही पटकन कळला नव्हता, असं नंतर वाचल्यावर बरं वाटलं. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ॲरन सॉलोमन नावाचा चामड्याचे बूट करणारा माणूस होता. 1892 साली त्याने आपल्या धंद्याची कंपनी केली. कायद्याला सात सभासद हवे होते. याने घर मोजलं. बायको, मुलगी, चार मुलगे आणि स्वतः, बरोब्बर सात! 20,007 शेअर्सपैकी सहा जणांना एकेक, बाकी 20,001 सॉलोमनचे. कंपनी बुडाली. खालच्या कोर्टांना वाटलं, हा शुद्ध बनाव आहे, सॉलोमननेच देणी फेडली पाहिजेत. पण 1896 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, सॉलोमन निराळा, सॉलोमनची कंपनी निराळी. तिथपासून जगभरचे दुकानदार आपल्यापासून निराळे राहायला शिकले.

आपल्याकडे सातऐवजी दोन पुरत. प्रायव्हेट लिमिटेडला दोन सभासद, भागीदारीला दोन, 2008 च्या कायद्याने आलेल्या एलएलपीलाही, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीलाही, दोन. त्यामुळे कितीतरी कंपन्यांतला दुसरा सभासद म्हणजे स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत येऊन 'कुठं करू?' एवढंच विचारून सही करून गेलेली बाई. 2005 साली जे. जे. इराणी समितीने सुचवलं की जो एकटाच आहे त्याला एकट्यानेच कंपनी काढू द्या. 2013 च्या कंपनी कायद्यात ते आलं, आणि 1 एप्रिल 2014 पासून अमलात. पुढे भांडवल पन्नास लाखांवर किंवा उलाढाल दोन कोटींवर गेली की एकट्याने एकटं राहायचं नाही, अशी अट होती, ती 1 एप्रिल 2021 पासून काढली. दोन्ही वेळा 1 एप्रिलच का, हे मी सीएंना विचारलं. ते हसले नाहीत. आर्थिक वर्षावर विनोद केलेला त्यांना चालत नाही.

पहिलं काम नावाचं. कंपनीचं नाव मंजूर होतं हरियाणात, मानेसरला. पोलादपूरच्या लाडवाचं बारसं मानेसरला! रायगडच्या पायथ्याचा माणूस म्हणून मला पहिलं नाव कुठलं सुचणार हे सांगायला नको. सीएंनी तिथेच थांबवलं. 1950 चा एक कायदा आहे, त्यात महाराजांचं नाव धंद्यासाठी वापरायला केंद्राच्या परवानगीशिवाय मनाई आहे. मी म्हटलं, योग्यच आहे, लाडवाला ते ओझं नको. मग म्हटलं नुसतं 'महाड' ठेवू. तर नुसतं शहराचं, राज्याचं, देशाचं नाव चालत नाही. 'सावित्री' घातलं तर आधीच्या कंपन्यांची यादी सावित्रीच्या पुरासारखी वर वर यायला लागली. शेवटी आजीचं माहेरचं नाव आणि पुढे 'फूड्स' असं जुळवलं. ते इथे लिहीत नाही, फुकट जाहिरात नको. त्यापुढे कंसात 'ओपीसी', म्हणजे वन पर्सन कंपनी, आणि मग 'प्रायव्हेट लिमिटेड'. लाडवांच्या बोटभर पुड्यावर हे नाव मावेना, म्हणून पुडा मोठा केला. धंद्याचा पहिला विस्तार हा असा झाला.

डिजिटल सहीसाठी व्हिडिओ द्यावा लागतो. कॅमेऱ्यासमोर स्वतःचं नाव सांगायचं, पॅनकार्ड धरायचं, डोळे मिचकावायचे. आमच्या गावात रेंज मिळते ती एसटीच्या निवाऱ्यासमोर, फणसाखाली, आणि तिथे रेंजपेक्षा माणसं जास्त असतात. मी फणसाखाली उभा राहून फोनकडे बघत आपलं संपूर्ण नाव सांगितलं आणि दोनदा डोळे मिचकावले. हे मोरीकडून हंडा घेऊन येणाऱ्या काकूंनी पाहिलं. संध्याकाळपर्यंत बायकोच्या कानावर ते वेगळ्याच स्वरूपात गेलं. सही आली ती पेनड्राइव्हएवढ्या टोकनमध्ये. बायकोने ते मिसळणाच्या डब्यात, जिऱ्याच्या वाटीत ठेवलं, कारण घरात न हरवणारी जागा तेवढी एकच. अजूनही माझ्या डिजिटल सहीला फोडणीचा वास येतो.

मग आला नॉमिनी. सभासद एकच, तो गेला तर कंपनी अनाथ होऊ नये म्हणून वारस आधीच नेमायचा आणि त्याची लेखी संमती जोडायची. मुंबईच्या थोरल्या भावाला वाटलं आपलं नाव घालणार, धाकट्या काकांना वाटलं आपल्या मुलाचं. मी सुज्ञपणे बायकोचं घातलं. तिने अर्ज वाचला. ती सगळं वाचून सही करते, सॉलोमनच्या बायकोसारखी नाही.

"अहो, हे काय लिहिलंय? तुमचा मृत्यू किंवा करार करण्याची असमर्थता?"

"म्हणजे डोक्यावर परिणाम वगैरे झाला तर."

"मग कंपनी माझी?"

"तुझी."

"फणसाखाली डोळे मिचकावल्याचं धरतात का त्यात?"

त्याच अर्जाच्या अनुषंगाने सीएंनी सांगितलं, एका माणसाला अशी एकच कंपनी काढता येते, आणि एकाच कंपनीचं नॉमिनी होता येतं. बायको म्हणाली, "लग्नाच्या कायद्यापेक्षा हा बरा दिसतो, नवऱ्याला दुसरी नाही आणि बायकोला दुसरीकडे लक्ष घालायचं नाही." मग सही केली, तारीख स्वतः घातली, आणि विचारलं, "मी मेले तर?" खरंच, तेही कलम आहे. नॉमिनी बदलता येतो. ते मी तिला सांगितलं नाही.

आता पत्ता.

कंपनीला नोंदणीकृत कार्यालय लागतं. दाखला म्हणून विजेचं बिल, दोन महिन्यांच्या आतलं, आणि जागामालकाचं ना हरकत पत्र. मी ऐटीत घरचं बिल नेलं. बिल परवाचंच होतं. सीएंनी नावावर बोट ठेवलं.

"हे कोण?"

"आजोबा."

"त्यांची सही आणा."

"ते 1994 ला गेले."

"बिल तर भरतायत नियमित."

आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावाने बिल येणं ही अडचण नसते, प्रतिष्ठा असते. घरपट्टीच्या उताऱ्यावरही आजोबाच. आजोबांना तीन मुलगे, दोन मुली. त्यांतले काही गेले, त्यांची मुलं. काही मुलंही गेली, त्यांच्या बायका. सीएंनी वंशावळ काढायला सांगितली, मी वहीच्या पानावर झाड काढत गेलो आणि फांद्या मोजल्या तर सतरा. सतरा माणसांचं घर, त्यात वर्षभर राहणारे आम्ही चौघे, आणि गणपतीत सत्तावीस.

"सतरा ना हरकत पत्रं घेऊ," मी म्हटलं. तेव्हा श्रावण चालू होता. गौरी-गणपतीला सगळे येणारच होते. एवढी माणसं एका छपराखाली, पोट भरलेलं, मन प्रसन्न. याहून चांगला मुहूर्त नाही. मी सतरा प्रती झेरॉक्स केल्या, पाटावर गणपतीच्या उजव्या हाताला ठेवल्या, वर सुपारी ठेवली.

आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली, आणि प्रसाद वाटतावाटता मी कागद वाटले.

थोरल्या काकांनी चष्मा मागवला. चष्मा कुर्ल्याला राहिला होता. दुसऱ्याचा लावून त्यांनी पहिली ओळ वाचली, "'सदर जागेत कंपनीचे कार्यालय असण्यास माझी हरकत नाही.' म्हणजे माझं नाव यात हरकत घेणारा म्हणून आलंय?"

"नाही काका, न घेणारा म्हणून."

"मी कधी घेतली होती, न घ्यायला?"

माणगाव तालुक्यात दिलेली आत्या बोलली, "सही करते, पण मग माझा हिस्सा आहे असं यात लिहिलं पाहिजे." ती बोलेपर्यंत तिचा हिस्सा आहे हे कुणाच्या बोलण्यात कधी आलं नव्हतं. 2005 च्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला हे सगळ्यांनी ऐकलं होतं, पण आमच्या घरात ते पहिल्यांदा गणपतीसमोर उच्चारलं गेलं. ओटीवर अशी शांतता पसरली की पेट्रोमॅक्सच्या काळातला आवाज ऐकू यावा. नालासोपाऱ्याच्या चुलतभावाने विचारलं, "कार्यालय म्हणजे नेमकी कुठली खोली?" मी म्हटलं, "माजघराच्या मागची, नाचणीच्या कणग्यांची." तो म्हणाला, "ती माझ्या वडिलांच्या वाटणीची." काकू म्हणाल्या, "वाटणी कधी झाली?" इथे मी कागद गोळा करायला लागलो. विसर्जनापर्यंत सहा सह्या झाल्या होत्या. त्यांतल्या दोन पेन्सिलीने होत्या.

ॲरन सॉलोमनला नावं सात लागली आणि धंदा एकट्याचा राहिला. मला नाव एक लागत होतं आणि सतरा माणसं ओटीवर बसून नदीपल्याडच्या वरकसाची वाटणी कधी करायची यावर बोलत होती.

सुटका सासऱ्यांनी केली. महाडच्या त्यांच्या घराचं बिल सासूबाईंच्या नावावर, आणि सासूबाई हयात, खणखणीत. मागच्या बाजूला एक खोली रिकामी. ना हरकत पत्रावर त्यांनी एका दमात सही केली आणि म्हणाल्या, "जावईबापू, कंपनीला जेवायला काय लागतं?" अशा रीतीने एकट्याची कंपनी जन्माला आली ती घरजावई म्हणूनच.

प्रमाणपत्र ई-मेलने आलं, पॅन आणि टॅनसकट. मी ते छापून देव्हाऱ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाटीचं काम. कायदा सांगतो, कार्यालयाबाहेर नाव-पत्ता लावा, त्या भागातल्या चालू भाषेतही लावा, आणि नावाखाली कंसात एकल व्यक्ती कंपनी असल्याचं लिहा. महाडच्या फ्लेक्सवाल्याने संगणकावर टाइप करतानाच विचारलं, "एकल म्हणजे?" मी म्हटलं, "एकटा." तो म्हणाला, "मग 'घटस्फोटित' लिहायचं का खाली? स्थळं येतील." पाटी लागली. तिच्यावर माझा फोटो त्याने आपल्या मनाने टाकला होता, वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या सवयीने, हात जोडलेला. तो काढायचे शंभर रुपये वेगळे पडले.

पुढचा टप्पा कर्जाचा, आणि इथे मी छाती काढून गेलो होतो. भाजणीचं यंत्र घ्यायचं होतं. बँकेचं नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच. साहेबांनी संचालक मंडळाचा ठराव मागितला. मी मला अधिकार दिल्याचा ठराव मी दिला, खरी प्रत म्हणून मीच सही केली. साहेबांनी विचारलं, "बाकीचे डायरेक्टर बाहेर थांबलेत का?" मग कागद पुढे सरकवले. पहिल्या पानावर कंपनीच्या वतीने सही. दुसऱ्या पानावर कंपनीच्या वतीने सही. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की कंपनीने न फेडल्यास मी जातीने, वैयक्तिक, स्वतःच्या मिळकतीतून फेडीन.

"पण कंपनी म्हणजे मी नाही," मी म्हटलं. "हाउस ऑफ लॉर्ड्सने..."

"बरोबर," साहेब म्हणाले. "म्हणून तर कंपनीला जामीन लागतो ना. तुम्हीच बसा."

माझी मर्यादित जबाबदारी तिसऱ्या पानावर संपली. बाहेर पडताना पाय जड झाले होते. तारण म्हणून साहेबांनी गावच्या घराचा उतारा मागितला. मी आजोबांच्या नावाचा, वहीच्या झाडासकट, दिला. साहेबांनी फांद्या मोजल्या, दोनदा मोजल्या, आणि कागद परत केला. "हे आम्हाला नको."

सतरा माणसांचं घर कुणाला तारण देता येत नाही. जे कायद्याने, सीएंनी, समितीने आणि लंडनच्या लॉर्डांनी मिळून मला दिलं नाही, ते ओटीवरच्या भांडणाने दिलं होतं. गावी गेलो तेव्हा थोरल्या काकांना फोन करून पेन्सिलीची सही खोडू नका म्हणालो. ते म्हणाले, "मी केलीच नव्हती, ती नातवाने केली."

कंपनी चालवायला लागलं की माणूस स्वतःशी बोलायला लागतो, आणि त्याचं कायद्यात कलम आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची गरज नाही. सभासदाने ठराव करायचा, तो कंपनीला कळवायचा, इतिवृत्ताच्या वहीत लिहायचा, सही आणि तारीख घालायची, की सभा झाली. मी सभासद म्हणून मला संचालक म्हणून पत्र लिहितो, 'महोदय' घालतो, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर देतो. त्याच दिवशी दिलं तर बरं दिसत नाही.

सगळ्यात कठीण गेला तो घरघंटीचा व्यवहार. कंपनीचा एकुलता सभासदच संचालक असेल आणि त्याने कंपनीशी नेहमीच्या धंद्याबाहेरचा करार केला, तर तो लेखी हवा, नाहीतर इतिवृत्तात नोंद हवी, आणि पंधरा दिवसांत निबंधकांना कळवायला हवं. घरघंटी माझी, हवी कंपनीला. मी बारा हजार सांगितले. कंपनी नवावर अडली. जुनी आहे, जाळी बदलावी लागेल, असं कंपनीचं म्हणणं. मी म्हटलं, दगड नवे आहेत. वहीत दोन्ही बाजू नीट मांडल्या, साडेदहाला सौदा ठरला, सही केली, खाली पुन्हा सही केली. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि वाचायला लागली, वाचते म्हणून सांगितलंच आहे.

"ही घंटी आईने मला दिलीय. वास्तुशांतीला."

म्हणजे दोन पक्षांनी ज्या वस्तूवर दीड पान घासाघीस केली ती दोघांपैकी एकाचीही नव्हती. साडेदहा हजार बायकोच्या खात्यात गेले. माझ्या माहितीप्रमाणे कंपनीला आजवर झालेला निर्विवाद फायदा तेवढाच, आणि तो नॉमिनीला झाला.

गल्ल्याचंही तसंच. कोर्टाजवळच्या गाडीवर वडापाव खायला मी गल्ल्यातून वीस रुपये घेतले, कारण गल्ला माझा. महिनाअखेर सीएंनी वही तपासताना विचारलं, "हे वीस काय?" सांगितलं. ते म्हणाले, "कलम 185. कंपनीने संचालकाला कर्ज द्यायचं नाही."

"वडापाव कर्ज?"

"मग काय लिहू? देणगी?"

तेव्हापासून मी खिशातले पैसे वेगळ्या खिशात ठेवतो. बाजारात लोक बघतात, हा डाव्या खिशात हात घालतो, थांबतो, विचार करतो आणि उजव्यात घालतो. त्यांना वाटतं याला कंजुषी जडली. ही कंजुषी नाही. दोन कायदेशीर व्यक्ती एकाच पँटमध्ये राहतायत.

आणि हिशेबतपासनीस लागतोच. एक लाडू विकला नाही तरी लागतो. मार्चअखेरपासून 180 दिवसांत ताळेबंद भरायचा, म्हणजे 27 सप्टेंबरपर्यंत. उशीर झाला तर दर दिवसाला शंभर रुपये, आणि या रुपयांना पुराच्या पाण्यासारखीच वरची मर्यादा नाही. त्या सुमाराला आमच्याकडे गणपती तरी असतो नाहीतर पितृपक्ष. गेल्या वर्षी सीएंचे फोन आणि भटजींचे फोन एकाच दिवशी आले, दोघांनाही तिथी सांभाळायची होती. मी चुकून भटजींना ताळेबंदाबद्दल आणि सीएंना काकबळीबद्दल विचारलं. सीए म्हणाले, "ते ऑडिटनंतर."

जुलैत मी महाडलाच होतो. तीन दिवस महाबळेश्वरला पाऊस थांबत नव्हता, आणि रात्री भोंगा वाजला. भोंगा वाजला की महाडमध्ये कुणी कुणाला विचारत नाही, हात आपोआप सामान वर न्यायला लागतात. मागच्या खोलीत नाचणीची अकरा पोती, सत्त्वाचे डबे, यंत्र आणि कंपनीची कागदपत्रं. सासरे आले, शेजारचे दुकानदार आले, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू दोघे भाऊ आले, समोरची दोन पोरं आली, बायको पदर खोचून आली. जिन्यावर रांग लागली आणि पोती एकेक हातोहात वर चढायला लागली. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं होतं.

सासूबाई माळ्यावर लोणच्याच्या बरण्या लावत होत्या. मी इतिवृत्ताची वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यांच्या हातात दिली.

"हे कसलं पुस्तक?"

"कंपनीचं. सभा झाल्या की यात लिहायचं. भिजून चालायचं नाही."

"जावईबापू, वाचा बघू, काय एवढं असतं त्यात."

टॉर्च तोंडात धरून मी शेवटचं पान उघडलं. "सभासद उपस्थित, एक. ठराव सर्वानुमते मंजूर."

खालून, जिन्याच्या वळणावरून, खांद्यावर नाचणीचं पोतं घेतलेले सासरे ओरडले, "ते नंतर वाचा! आधी हे धरा!"